गुरु लाधो रे : मखनशाह लबाण्याच्या वाटेने चार दिवस

पहिला दिवस : ब्यास, बाबा बकाला

मखनशाह लबाणा या व्यापाऱ्याला शिखांचे नववे गुरू तेगबहादुर जिथे सापडले, त्या पंजाबातल्या बाबा बकाला गावापासून ही वाट सुरू होते. नांदेडहून सुटणारी सचखंड एक्सप्रेस मनमाड, भुसावळ, दिल्ली करत अमृतसरला पोचते, त्यामुळे महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना गाड्यांची फारशी जुळवाजुळव करावी लागत नाही. बाबा बकाल्यासाठी सोयीचं स्टेशन म्हणजे अमृतसरच्या अलीकडचं ब्यास. गाडी तिथे थांबते का, हे तिकीट काढतानाच बघून घ्यावं. नसेल थांबत तर अमृतसरला उतरून जी.टी. रोडने सुमारे ४५ किलोमीटर मागे यायचं.

ब्यासला नवख्या माणसाची एक चूक हटकून होते. राधास्वामी सत्संगाचा मोठा डेरा इथेच आहे आणि स्टेशनवर उतरणारे बहुतेक लोक तिकडेच निघालेले असतात. रिक्षावाला "डेरा?" म्हणून विचारतो, आपण नुसती मान हलवतो आणि भलतीकडे जाऊन पोचतो. "बाबा बकाला साहिब, भोरा साहिब" असं पूर्ण सांगायचं. डेऱ्यावर सत्संग असेल त्या दिवशी स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसते, रिक्षाही मिळत नाही. तो दिवस टाळलेला बरा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भात निघून गेलेलं होतं आणि गहू बोटभर वर आला होता. सकाळी नऊपर्यंत धुकं असं की समोरच्या ट्रॅक्टरची ट्रॉली दिसण्याआधी तिच्यावरचा उसाचा वास यायचा. वाटेत रस्त्याकडेला गुऱ्हाळं लागतात. इथे त्यांना वेलणा म्हणतात. बडीशेप आणि सुकामेवा घातलेला गरम गूळ वडीच्या आकारात थापून तिथेच विकतात. आपल्या कोल्हापुरी गुळापेक्षा तो मऊ असतो आणि प्रवासात फार दिवस टिकत नाही. दोन दिवसांत संपेल एवढाच घ्यावा.

बाबा बकाल्याची खूण दुरूनच पटते : भोरा साहिबची नऊ मजली उंच इमारत. भोरा म्हणजे तळघर. गुरू तेगबहादुर ज्या खोलीत ध्यानाला बसत, ती या इमारतीच्या पोटात आहे. पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. जागा अगदी लहान, त्यामुळे रांग हळू सरकते आणि आत कोणी रेंगाळत नाही. ज्यांना निवांत बसायचं असेल त्यांनी पहाटे किंवा दुपारी दोनच्या सुमाराला यावं.

परंपरा सांगते की गुरूंनी इथे २६ वर्षं, ९ महिने, १३ दिवस तप केलं. वर्षांचा हिशेब मांडला तर तो जुळत नाही. वडील गुरू हरगोबिंद यांच्या निधनानंतर, १६४४ साली, तेगबहादुर आई माता नानकी आणि पत्नी माता गुजरी यांच्यासह या आजोळच्या गावी येऊन राहिले आणि १६६४ मध्ये इथेच गुरू म्हणून प्रकट झाले. म्हणजे वीस वर्षं, आणि त्यातलाही काही काळ ते पूर्वेकडे यात्रेत होते, असं इतिहासकार मांडतात. भाविकाच्या मनातला आकडा आणि वहीतला आकडा असे शेजारी ठेवले तरी जागेचं मोल उणावत नाही.

आता मुख्य गोष्ट. ३० मार्च १६६४ रोजी आठवे गुरू हरकिशन दिल्लीत देवीच्या आजाराने गेले. वय आठ वर्षांचंही नव्हतं. पुढचा गुरू कोण, असं विचारल्यावर ते एवढंच म्हणाले, "बाबा बकाले." पंजाबीत बाबा म्हणजे आजोबा, आणि तेगबहादुर नात्याने त्यांचे चुलत आजोबाच होते. पण नाव उच्चारलं गेलं नाही आणि त्या फटीतून बकाल्यात गर्दी शिरली. परंपरेप्रमाणे बावीस जणांनी "आपणच गुरू" म्हणून मंज्या मांडल्या. मंजी म्हणजे बाज, गुरूची बैठक. त्यांतला सगळ्यात वजनदार दावेदार धीरमल. तो तेगबहादुरांचा पुतण्या, आणि पाचवे गुरू अर्जनदेव यांनी लिहवून घेतलेली आदिग्रंथाची मूळ प्रत त्याच्याच ताब्यात होती.

या गोंधळामागे पैसा होता. शिखाने मिळकतीचा दहावा हिस्सा, म्हणजे दसवंध, गुरूच्या चरणी द्यायचा असतो. तो गावोगाव गोळा करणारे प्रतिनिधी म्हणजे मसंद. गुरू नक्की कोण हे ठरेना तेव्हा मसंदांचं फावलं. ज्याच्या मंजीपुढे जास्त संगत, म्हणजे भाविक, त्याच्याकडे जास्त दसवंध. दूरवरून आलेल्या साध्या माणसाला खरं-खोटं कळायला काहीच साधन नव्हतं.

अशा वेळी मखनशाह लबाणा बकाल्यात आला. लबाणे हे मालाचे तांडे नेणारे व्यापारी. या नावाची व्युत्पत्ती बरेच जण लवणाशी, म्हणजे मिठाशी लावतात. मराठीतला लमाण हा शब्दही त्याच घरचा. मखनशाहचा व्यापार जहाजांवरूनही चाले. एकदा त्याचं मालाने भरलेलं जहाज वादळात सापडलं, त्याने गुरूचा धावा केला, नवस बोलला आणि जहाज सुखरूप किनाऱ्याला लागलं, अशी पंथाची श्रद्धा आहे. नवसाचा सर्वांत रूढ आकडा ५०० मोहरांचा. काही ग्रंथांत तो वेगळा येतो. मोगली मोहर साधारण ११ ग्रॅमची, म्हणजे साडेपाच किलो सोनं घेऊन हा माणूस गुरूला शोधत होता.

त्याने जे केलं ते सराफी पेढीवर बसणाऱ्यालाच सुचेल. नवस किती हे कोणालाही सांगितलं नाही. प्रत्येक मंजीपुढे जाऊन फक्त दोन मोहरा ठेवल्या, मत्था टेकला आणि वाट पाहिली. ज्याच्यासाठी नवस बोलला तो खरा गुरू असेल तर उरलेल्या मोहरा आपणहून मागेल. नसेल तर दोन मोहरांवर खूश होऊन आशीर्वाद देईल. बावीस मंज्या, प्रत्येकी दोन, म्हणजे ४४ मोहरा केवळ पारखण्यात गेल्या. बाविसांनीही आशीर्वाद दिले.

मग कोणीतरी सांगितलं की गावात आणखी एक तेगा राहतो, कोणात मिसळत नाही. मखनशाह तिथे गेला, दोन मोहरा ठेवल्या. तेगबहादुर म्हणाले, पाचशे बोलला होतास, दोनच कशा? आणि खांद्यावरचा घाव दाखवला, जो जहाजाला खांदा देताना झाला होता. मखनशाह छपरावर चढला आणि ओरडला : "गुरु लाधो रे! गुरु लाधो रे!"

भोरा साहिबच्या बाहेर जोडाघरात, म्हणजे चपला ठेवायच्या जागी, सेवेला बसलेले एक वृद्ध भाईसाहेब होते. 'लाधो'चा अर्थ विचारल्यावर ते हसून म्हणाले, "लभ्भ गया जी, होर की!" मिळाला, आणखी काय. त्यांना सांगितलं की हा शब्द आमच्या मराठीत सातशे वर्षांपूर्वीपासून आहे, ज्ञानेश्वरीत 'लाधणे' म्हणजे मिळणेच. त्यांनी हातातला जोडा खाली ठेवला आणि "लाधला?" असं दोनदा म्हणून पाहिलं.

इथला मोठा मेळा रखड पुन्याला भरतो. रखड पुन्या म्हणजे राखीपौर्णिमा, आपली नारळी पौर्णिमा. कोळीवाड्यात समुद्राला नारळ वाहिला जातो त्याच तिथीला इथे एका जहाजवाल्या व्यापाऱ्याच्या हाकेचा उत्सव होतो. हा योगायोगच आहे, पण किनाऱ्यावरून येणाऱ्याला तो जाणवल्याशिवाय राहत नाही. भाटांच्या वह्यांत मात्र मखनशाह बकाल्याला आल्याची नोंद त्या साली दिवाळीच्या सुमाराची आहे. मेळ्याला गेलात तर राजकीय सभांचे मांडव आणि ऑगस्टची उमस दोन्ही गृहीत धरा. गाडी बरीच लांब लावावी लागते.

लंगर दिवसभर चालू असतो. पोळीला इथे प्रशादा म्हणतात. सेवादार "प्रशादा वाहेगुरू" म्हणत आला की दोन्ही हातांची ओंजळ पुढे करायची, एका हाताने किंवा ताटात घ्यायची नाही. त्या दिवशी काळे उडीद आणि चणाडाळीची दाट डाळ होती, वर आल्याचे काप, आणि तांदळाची खीर. पानात टाकू नये, हा एकच नियम कडक.

परिसरातच शीशमहल आणि माता गंगाजींचं स्थान आहे. गंगाजी म्हणजे गुरू अर्जनदेवांच्या पत्नी, तेगबहादुरांच्या आजी. घाईतले लोक हे दोन्ही सोडून जातात. अर्धा तास पुरतो, बघावं.

गुरू लाधल्यानंतरचा प्रसंग जास्त बोलका आहे. धीरमलच्या शीहां नावाच्या मसंदाने तेगबहादुरांवर गोळी झाडली. गोळी चाटून गेली, घर मात्र लुटलं गेलं. तांडे नेणाऱ्या व्यापाऱ्याबरोबर हत्यारबंद माणसं असतातच. मखनशाहच्या माणसांनी धीरमलच्या घरावर चाल केली, लुटलेला माल सोडवला आणि सोबत आदिग्रंथाची ती प्रतही उचलून आणली. गुरूंनी सगळं परत करायला लावलं, ग्रंथासकट. ती बीड, म्हणजे हस्तलिखित प्रत, आजही जालंधरजवळच्या करतारपूरला धीरमलच्या वंशजांकडे, सोढी घराण्याकडे आहे. हे करतारपूर याच लोहमार्गावर, जालंधर आणि ब्यासच्या मध्ये लागतं. पाकिस्तानात, रावीकाठी आहे ते करतारपूर साहिब वेगळं. तिकीट काढताना लोक गोंधळतात.

दुसरा दिवस : अमृतसर, वल्ला

दरबार साहिब, म्हणजे सुवर्णमंदिर किंवा हरमंदिर, याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, इथे फक्त आपल्या वाटेवरचं. अकाल तख्ताजवळ थडा साहिब नावाचं एक छोटं गुरुद्वार आहे. थडा म्हणजे ओटा. परिक्रमेतल्या गर्दीत शंभरातले नव्वद लोक त्याच्यावरून पुढे जातात.

बकाल्याहून मखनशाह आपल्या माणसांसह गुरूंना घेऊन १६६४ च्या नोव्हेंबरात अमृतसरला आला. हरमंदिर तेव्हा गुरू अर्जनदेवांचा भाऊ पृथीचंद याच्या वंशजांच्या, हरजीच्या ताब्यात होतं. गुरू हरगोबिंद १६३०च्या दशकात कीरतपूरला गेल्यापासून ही जागा त्या शाखेने धरून ठेवली होती. नवा गुरू येतोय म्हटल्यावर पुजाऱ्यांनी दारं लावून घेतली. सोबत नुकतंच धीरमलचं घर फोडलेले लोक होते, तरी दार फोडलं नाही. गुरू बाहेर ओट्यावर बसले, थोडा वेळ थांबले आणि निघून गेले. तोच हा थडा. मखनशाहच्या सगळ्या कथेत त्याचा खरा कस मला इथे लागलेला वाटतो. हाताशी बळ असून त्याने ते खाली ठेवलं.

डिसेंबरात परिक्रमेचा संगमरवर पहाटे बर्फासारखा असतो. चपला आणि मोजे दोन्ही काढावे लागतात. काथ्याच्या पट्ट्या अंथरलेल्या असतात, त्यांच्यावरूनच चालावं. डोक्याला रुमाल घरून न्यावा. टोपी चालत नाही. कडाह प्रसाद द्यायचा असेल तर आधी काउंटरवर पावती, मग द्रोणातला प्रसाद घेऊन रांगेत. आतून बाहेर येताना सेवादार त्यातला अर्धा काढून मोठ्या कढईत टाकतो आणि तोच सगळ्यांना वाटला जातो. हा प्रसाद म्हणजे रव्याचा नव्हे, कणकेचा शिरा. कणीक, तूप, साखर समभाग. कणीक तुपात तांबूस होईपर्यंत परततात आणि साखरेचं उकळतं पाणी एकदम ओततात. ते पाणी गार असेल तर गुठळ्या होतात.

दुपारी वल्ला. पूर्वी वेगळं गाव होतं, आता शहराने गिळलंय. स्टेशनकडून ऑटो सहज मिळतो, "वल्ला, कोठा साहिब" म्हणायचं. अमृतसरची दारं बंद झाल्यावर गुरू इथे एका भाविक बाईच्या कोठ्यात, म्हणजे घरात, राहिले. शहरातल्या बायका पुरुषांच्या वागण्याची माफी मागायला इथवर चालत आल्या आणि गुरूंनी त्यांना "माईयां रब्ब रजाईयां" असा आशीर्वाद दिला : बायांना रबने तृप्त केलंय. माघ पौर्णिमेला इथे मेळा भरतो. आम्ही गेलो त्या दिवशी दोन म्हाताऱ्या ओट्यावर मोहरीची भाजी निवडत होत्या. पानांच्या जाड देठांची साल सोलून, देठ बारीक चिरून पानांबरोबरच शिजवायचे, त्यात पालक आणि बथुआ घालायचा, नाहीतर सरसो का साग कडवट होतो, असं त्यांचं सांगणं. मक्याचं पीठ शेवटी, घोटताना. बथुआ म्हणजे आपली चाकवत.

तिसरा दिवस : सरहिंद

अमृतसर–दिल्ली मार्गावर सरहिंद जंक्शनला उतरलं की फतेहगढ साहिब ऑटोच्या अंतरावर. इथला व्यापारी दुसरा : टोडरमल. हा अकबराचा टोडरमल नव्हे, मधे शंभराहून जास्त वर्षं आहेत.

डिसेंबर १७०४ मध्ये गुरू गोविंदसिंगांच्या धाकट्या दोन मुलांना, जोरावरसिंग आणि फतेहसिंग यांना, सरहिंदच्या नवाबाने भिंतीत चिणवून मारलं. ठंडा बुर्जात कैदेत असलेल्या माता गुजरींनीही प्राण सोडला. माता गुजरी म्हणजे तेगबहादुरांच्या पत्नी, या मुलांच्या आजी, बकाल्यात राहिलेल्या त्याच. दहनाला जागा मिळेना. जमिनीचा मालक चौधरी अट्टा याची अट अशी, की हवी तेवढी जागा सोन्याच्या मोहरांनी झाका, आणि मोहरा उभ्या ठेवा. आडवी मोहर पूर्ण वर्तुळाएवढी जागा धरते, उभी ठेवली तर फक्त कडेएवढी. म्हणजे तेवढ्याच जमिनीला कैकपट सोनं. टोडरमलने त्या मोहरा मोजून दिल्या. जिथे दहन झालं ते ज्योती सरूप गुरुद्वार मुख्य गुरुद्वाऱ्यापासून साधारण दीड किलोमीटर. चालतच जावं.

टोडरमलची हवेली जवळच आहे, लोक तिला जहाज हवेली म्हणतात. कित्येक वर्षं ती पडीक होती. पातळ, चपट्या सरहिंदी विटा उघड्या पडलेल्या आहेत. बोटभर जाडीची वीट, आणि दोन विटांमधला चुन्याचा थर जवळपास विटेएवढाच जाड. म्हणूनच अशा भिंतीला सिमेंटची डागडुजी मानवत नाही : सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, ओल आतच मुरते आणि विटेचा पोपडा सुटतो. भिंतींवर चढू नये, हात लावला तरी भुकटी निघते.

२५ ते २७ डिसेंबर इथे शहीदी सभा असते. लाखो लोक येतात, थंडीत जमिनीवर झोपतात, त्या दिवसांत अनेक घरांत गोडधोड करत नाहीत. दर्शनासाठी जायचं तर ते दिवस सोडावेत. शोकात सामील व्हायचं असेल तर तेच दिवस धरावेत. धुक्यामुळे गाड्या सहा-सहा तास उशिरा धावतात. पुढच्या गाडीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नये.

चौथा दिवस : दिल्ली

सकाळी चांदणी चौकातलं सीसगंज गुरुद्वार. ११ नोव्हेंबर १६७५ रोजी औरंगजेबाच्या हुकमाने गुरू तेगबहादुरांचा इथे शिरच्छेद झाला. त्याआधी त्यांच्यासमोर भाई मतीदास, भाई सतीदास, भाई दयाला यांना ठार मारलं होतं. ज्या वडाखाली हे घडलं त्याचं खोड जपून ठेवलेलं आहे. शीर भाई जैता यांनी आनंदपूरला नेलं. धड राहिलं पहाऱ्यात.

ते उचललं लखीशाह वणजाऱ्याने. दिल्लीत माल पुरवणारा हा मोठा तांडेवाला. बैलगाड्यांची रांग चौकातून जाणं ही रोजचीच बाब होती, पहारेकऱ्यांना त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. गर्दी आणि धुळीत धड गाडीत घेतलं, वर कापूस टाकला आणि मुलगा नगाहिया याच्यासह रायसिना गावातल्या आपल्या घरी आणलं. उघड चिता रचली असती तर धूर बघून शिपाई आले असते. म्हणून त्याने राहतं घरच सामानासकट पेटवून दिलं. आग लागली, घर गेलं, एवढंच गावाला दिसलं.

हे अंतर आज मेट्रोने पाच थांब्यांचं आहे : चांदणी चौकातून पिवळ्या मार्गिकेने केंद्रीय सचिवालय, तिथून थोडं चालत रकाबगंज गुरुद्वार. ते घर होतं तिथेच हे उभं आहे. बैलगाडी ताशी तीनेक किलोमीटरने जाते. सात-आठ किलोमीटरला अडीच तास. तेवढा वेळ बाप-लेक त्या गाडीबरोबर चालत होते. संसद भवनाच्या आसपास बंदोबस्त असला की मेट्रोची काही दारं बंद ठेवतात. ओळखपत्र जवळ असू द्या. सीसगंजला वाहनाने जायचा हट्ट करू नये, चांदणी चौकात दिवसा गाड्यांना बंदी असते.

रकाबगंजचं पहिलं गुरुद्वार १७८३ मध्ये शीख सरदार बघेलसिंगांनी दिल्लीवर ताबा मिळवल्यावर उभारलं. १९१४ मध्ये नव्या राजधानीसाठी इंग्रजांनी त्याची भिंत पाडली, त्यावरून मोठं आंदोलन झालं आणि भिंत पुन्हा बांधून द्यावी लागली. आताची पांढरी इमारत १९६०च्या दशकातली. आवारातल्या मोठ्या सभागृहाला लखीशाह वणजाऱ्याचं नाव आहे.

तिथे पायऱ्यांवर मराठवाड्यातल्या एका तांड्यावरून आलेल्या सात-आठ बंजारा बायका बसल्या होत्या. आपसात गोरबोली, आमच्याशी मराठी. आधी पोहरादेवी, मग नांदेड, आणि आता इथे. त्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींनी गुरुद्वारात मत्था टेकला, मग सभागृहाच्या बंद दारापाशी जाऊन उंबऱ्यालाही हात लावून कपाळाला लावला. सोबतच्या मुलीने सांगितलं, "आजी, इथं आत काही नाही, नुसता हॉल आहे."

"असू दे," आजी म्हणाल्या, "घर आपल्याच माणसाचं हाय."